त्याने साखर सोडली होती

माझ्या नवऱ्याने साखर सोडली होती. ही गोष्ट आमच्या नात्यात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की लग्नात, बारशात कुणी नवं माणूस भेटलं की माझ्या नवऱ्याची ओळखच तशी करून दिली जायची. सासरे गेले तेव्हा तो अस्थी घेऊन काशीला गेला. तिथे आपल्या आवडीचं काहीतरी कायमचं सोडून यायचं असतं. बहुतेक लोक हुशार असतात, ते कारलं नाहीतर रामफळ सोडून येतात. याने साखर सोडली. त्याला मधुमेह नुकताच निघाला होता, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तेव्हा वडिलांसाठीही होईल आणि स्वतःसाठीही, असा त्याचा सरळ हिशेब होता. परत आला तेव्हा माझ्या नणंदेने डोळ्यांना पदर लावला. "असा भाऊ शोधून सापडायचा नाही," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला गुळाचा चहा दिला.

गूळ चालतो, हे आम्हाला कुणी सांगितलं, हे मी गेलं वर्षभर आठवून पाहते आहे. कुणीच सांगितलं नाही. ते आम्हाला ठाऊकच होतं. कोकणातल्या घरात उन्हातून आलेल्याच्या हातावर पाण्याबरोबर गुळाचा खडा ठेवतात, बाळंतिणीला गूळ, देवाला गूळ. गूळ हा आमच्याकडे खाण्याचा पदार्थ कमी आणि घरातलं वडीलधारं माणूस जास्त. त्याच्यावर संशय कोण घेणार? साखर कारखान्यातून आलेली, पांढरी, परकी. गूळ आपला.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. माझ्या हाताखालून आहारावरची किती पुस्तकं गेली असतील. शिक्का मारला, क्रमांक घातला, कपाटात लावली, मागायला आलेल्याला काढून दिली. घरी आल्यावर मात्र मी पाच रस्ता नाक्यावरच्या दुकानातून निवडून, कमी पिवळा, जास्त काळपट गूळ आणायची, कारण त्यात रसायन नसतं असं दुकानदार म्हणायचा. काळपट असला की मला आपण नवऱ्यासाठी काहीतरी करतो आहोत असं वाटायचं.

मग एकेक वस्तू वाढत गेली. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या त्याच्या मित्रांपैकी एक जण निवृत्तीनंतर मध विकू लागला होता. मध आला. खजुराचा पाक आला. काकवी गावाहून यायची, तीही होती. मिठाईच्या दुकानात काचेच्या एका कोपऱ्यात हिरवी पाटी लावून बिनसाखरेची बर्फी ठेवायला लागले, ती सणाला आली. चहा गोड करायला परदेशी नावाच्या छोट्या पुड्या आल्या. सगळ्यांच्या वेष्टनावर पान असायचं, हिरवं, दव पडलेलं. आणि माझा नवरा, जो पूर्वी साखरेचा एक चमचा घालून थांबायचा, तो आता गुळाचे दोन खडे घालायचा, कारण त्याने साखर सोडली होती. जेवणानंतर मधाचं चाटण घ्यायचा, कारण त्याने साखर सोडली होती. मी त्याच्या हातात वाटी देत होते.

दर तीन महिन्यांनी डॉक्टर विचारायचे, "साखर बंद ना?"

"काशीला सोडून आलोय डॉक्टर," हा सांगायचा.

डॉक्टर हसायचे, शाबासकी द्यायचे आणि गोळी वाढवायचे. गोळी का वाढवावी लागते आहे, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. लपवलं नाही, खरंच नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मनातच आलं नाही.

मूत्रपिंडं गेली तेव्हा आठवड्यातून तीनदा घाटकोपरला डायलिसिससाठी जावं लागायचं. तिथे आहार सांगणारी एक तरुण मुलगी होती. तिने पहिल्याच दिवशी वही उघडली आणि विचारलं, "काका, चहात काय घालता?"

"गूळ," तो जरा अभिमानानेच म्हणाला. "पंधरा वर्षं साखर नाही."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, गूळ म्हणजे बहुतेक सगळी साखरच असते. रक्तात जाऊन तेच करते. आणि आता तुमची किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, गुळात ते साखरेपेक्षा पुष्कळ असतं. तुमच्यासाठी यापेक्षा चमचाभर साधी साखर बरी होती."

तो माझ्याकडे बघायला लागला. पुस्तकातलं काही अडलं की तो नेहमी माझ्याकडे बघायचा, तसं. मला उत्तर माहीत असायला हवं होतं.

त्यानंतर तो सात महिने जगला. गुळाने तो गेला असं मी म्हणत नाही. मधुमेहाला वर्षं झाली होती, रक्तदाब होता, वडिलांचं दुखणंही तेच होतं. डॉक्टर कुणाही एका गोष्टीवर बोट ठेवत नाहीत आणि मी तर डॉक्टरही नाही. पण "साधी साखर बरी होती" हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. इतकी वर्षं आम्ही जपून, निवडून, जास्तीचे कष्ट घेऊन त्याला जे देत होतो, ते टाळायच्या वस्तूहून वाईट निघालं.

तो गेल्यावर मी वाचायला लागले. माझ्यासारखी बाई दुसरं काय करणार? पुड्यांच्या रिकाम्या खोक्यावरचं बारीक अक्षर भिंग घेऊन वाचलं. गोडी आणणारा पदार्थ त्यात चिमूटभर होता, बाकी भर माल्टोडेक्स्ट्रिनची. म्हणजे पिष्टापासून केलेली पूड, जी रक्तात साखरेइतक्याच, कधी साखरेहूनही वेगाने चढते. हिरव्या पाटीच्या बर्फीत खवा आणि तूप होतं तसंच होतं. तिच्यात साखरेऐवजी घातलेल्या पदार्थाने, जास्त खाल्ला तर, पोट बिघडतं, आणि ते त्याचं बिघडायचंही. आम्ही ते खव्यावर ढकललं. गुळातल्या लोहाबद्दल आम्ही किती बोलायचो! तेवढं लोह मिळवायला किती गूळ खावा लागेल, याचा विचार एकाही गूळवाल्याने मला करायला लावला नाही. सगळेच पर्याय वाईट असतात असंही मी म्हणत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मोजून घ्यायच्या गोडीच्या गोळ्यांबद्दल मी उलटसुलट वाचलं आहे, माझं मत बनलेलं नाही. माझा राग त्या पानावर आहे. दव पडलेल्या हिरव्या पानावर. आजारी माणसाच्या घरात ते चित्र छापून वस्तू शिरवायची, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असणार ना?

या सगळ्याबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. बोलण्याची वेळ वर्षश्राद्धाला आली.

त्या दिवशी घर भरलं होतं. भटजी जेवून गेले होते, आमची पंगत बसायची होती. बोरिवलीहून दीर आणि जाऊ आले होते, अंधेरीहून नणंद. दिराला चार महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला होता. पंचावन्न वर्षांचा, धडधाकट, आमच्या सगळ्यांत हसरा माणूस. जावेने घरून मोठ्या डब्यात खीर करून आणली होती. गुळाची.

दीर पानावर बसण्याआधी भावाच्या फोटोसमोर उभा राहिला. "दादाने बाबांसाठी साखर सोडली," तो म्हणाला. "मी दादासाठी सोडली. आजपासून. जन्मात साखर तोंडात घालणार नाही."

नणंदेने पुन्हा डोळ्यांना पदर लावला. जाऊ वाढायला उठली आणि तिने त्याच्या वाटीत डावभर खीर घातली, वर आणखी अर्धा डाव.

"भावजी, ती वाटी खाली ठेवा," मी म्हणाले.

"अगं, गुळाची आहे," जाऊ म्हणाली. "साखरेचा कणसुद्धा नाही. मी मुद्दाम सेंद्रिय आणला."

"मला माहितीये कशाची आहे. ठेवा खाली."

माझा आवाज चढला होता. या घरात तो कुणी ऐकला नव्हता, मीही नव्हता. मी सांगायला लागले, पण रागावलेल्या माणसाला नीट सांगता येत नाही. पोटॅशियम, पुड्या, मध, सगळं एकमेकांवर पडत होतं.

"झालं हिचं लेक्चर सुरू," नणंद म्हणाली. "आज तरी पुस्तकं बाजूला ठेव गं! आमच्या आजीने जन्मभर गूळ खाल्ला, नव्वदीला गेली."

"आजीला मधुमेह नव्हता, वन्सं. आणि ती शेतात राबत होती. भावजी लिफ्टने वर आलेत."

कुणीतरी फिसकन हसलं. दीर हसला नाही. त्याने वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता मालवणीत म्हणाला, "वैनी, तू काय बोलतंस तां तुका तरी कळता? म्हणजे दादान पंधरा वर्षां जां केल्यान, तां फुकट?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला मी खोटं बोलावंसं वाटत होतं, फोटोतल्यालाही कदाचित.

"हो," मी म्हणाले. "फुकट. आणि ते मी त्याला हाताने दिलं. तुम्हाला देऊ देणार नाही."

तो न जेवता उठला. जाऊ डबा झाकून त्याच्या मागे गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी घरातलं माणूस उपाशी पाठवलं, म्हणून नणंद पुढे महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

नऊ दिवसांनी दिराचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"वैनी, मशीन घेतलंय. बोटाला टोचायचं. काल साखरेचा चहा घेतला, दोन तासांनी टोचलं. आज तेवढाच गूळ घातला, तेवढ्याच वेळाने टोचलं. आकडो सारकोच. दोन-तीनाचो फरक."

"साखर सोडली होतीत ना तुम्ही?"

"एका चहापुरती परत धरली," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. मग त्याने विचारलं, "मगे दादासाठी मी काय सोडू गो?"

"काही सोडू नका. मला तुमच्या डॉक्टरकडे घेऊन चला."

बोरिवलीच्या त्या दवाखान्यात आम्ही दीड तास बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी संगणकाकडे बघत विचारलं, "साखर बंद ना?" तेच शब्द.

दिराने सगळं सांगितलं. सकाळ-संध्याकाळचा गूळ, मध, खजूर, जावेच्या माहेरची काकवी. शाळेत चोरी कबूल करणाऱ्या मुलासारखा एकेक वस्तू काढत गेला. डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. मग अहवाल चाळला. मूत्रपिंडं ठीक होती. "अजून तरी," ते म्हणाले, "पण हे सगळं मोजा, आणि कमी करा."

दिराने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. आणि त्याच क्षणी मला इतका संताप आला की बोलायला शब्द जुळवावे लागले. कारण सोळा-सतरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचाही असाच एक कागद आला होता, आणि त्यावरही सगळं ठीक होतं.

"डॉक्टर, चहात काय घालता, एवढंच विचारायचं," मी म्हणाले. "साखर बंद का, असं नाही. पाच सेकंद लागतात."

"विचारतो हो, मॅडम. गर्दी बघताय ना बाहेर."

त्यांनी दिराला पथ्याचा छापील कागद दिला. वर्ज्य पदार्थांत पहिलाच शब्द होता, साखर. पुढे तळलेले पदार्थ, बटाटा, आंबा. गुळाचं नाव नव्हतं.

"इथे लिहून द्या," मी साखरेवर बोट ठेवलं. "गूळ, मध, काकवी, खजुराचा पाक. आणि बिनसाखरेची म्हणून मिळते ती मिठाई."

"पुढच्या खेपेला छापूनच घेऊ."

"ते घ्याच. पण आत्ता हाताने लिहा. मी खालून झेरॉक्स काढून आणते."

दीर हळूच म्हणाला, "वैनी, चल आता," पण डॉक्टरांनी लिहिलं. अक्षर वाईट होतं, मी त्यांना काकवी पुन्हा लिहायला लावली.

मी वीस प्रती काढल्या. वर येऊन बाहेर बसलेल्यांच्या हातात एकेक देत गेले. असं काही मी आयुष्यात कधी केलं नव्हतं; ग्रंथालयात मी कुणी मागितल्याशिवाय पुस्तक पुढे केलं नाही. काहींनी मी काही विकते आहे असं समजून कागद परत केला. दाराजवळ एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, शेजारी तिचा नवरा डुलक्या काढत होता. तिने कागद चष्म्याजवळ नेऊन पूर्ण वाचला आणि गोड हसली.

"आमचं बरं आहे, ताई," ती म्हणाली. "यांना साखर मी केव्हाच बंद केली. आमच्याकडे सेंद्रिय गूळ असतो."

दीर जिन्यापाशी हाक मारत होता. मी त्याला थांबायला खूण केली आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.