सारं ऐकू येणारी गाडी

आयुष्यभर काळीपिवळी जीपमधून फिरलेल्या माणसाची कुजबुजही गावभर जाते. माझी तर, बायकोच्या मते, थेट आर्वीपर्यंत. पण त्या जीपमध्ये एक सोय होती. पुढं बसून मागच्यांबद्दल काहीही बोला, इंजिन सगळं गिळून टाकायचं.

भाच्यानं परदेशी बनावटीची महागडी गाडी घेतली आणि आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, अल्लीपूरहून नागपूरला न्यायला आला. "जा ताई, आठ दिवस राहून येजो," असं तिला मीच पटवलं होतं. सोबत म्हणून मीही निघालो. मी पुढं, ती मागं. सीटच्या कातड्यावरची हातशिवण तिनं बोटानं चाचपली. "एक टाका इकडचा तिकडे नाई," म्हणाली आणि डोळे मिटले.

भाचा रंगात आला होता. "मामाजी, काच दुहेरी आहे. टायरच्या आतही स्पंज. बनवणाऱ्यांनी एकेक आवाज हुडकून मारला."

शेजारून ट्रक गेला तो चित्रातल्यासारखा. ताईला झोप लागली असं समजून मी, माझ्या मते अगदी हळू, म्हणालो, "तू कायमची नेऊन राह्यला हे तिले कळलं असतं, त निघालीच नसती."

माझं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. ते जिरायला बनवणाऱ्यांनी गाडीत जागाच ठेवली नव्हती.

वाटेतलं जाम गाव आलं. चहाला थांबू म्हणालो.

"गाडी चांगली हाय," मागून ताई म्हणाली. "सारं आयकू येते."

समोरच्या लाकडी पट्टीला असं पॉलिश, की बघू तिथं माझंच तोंड.

"वापस घे रे," ती लेकाला म्हणाली.

"आई, गावात एकटी कशी राहशील?"

"येईन ना. पण म्या कुलूप आठ दिवसाचं लावलं. कायमचं जाचं त चार घरी सांगून निघा लागते. चोरासारखी काऊन जाऊ?"

भाच्यानं गाडी वळवली. मी मागं तिच्याशेजारी जाऊन बसलो. माफी मागायला दोनदा तोंड उघडलं, पण भाच्यालाही ऐकू जाईल म्हणून मिटलं. एवढा मी शूर.

गावात शिरताना ती म्हणाली, "घरोघरी तूच चाल माह्यासंगं. तूच सांगजो सगळ्यायले. तुहा आवाज मोठा हाय."

पहिल्याच दारात माझा आवाज फुटेना.