पडद्यावरचा बांध

गेमसाठी जमीन तयार करायला शिकायचं असेल तर सगळ्यात आधी घरातल्या शेतकऱ्याला खोलीबाहेर काढावं. हा सल्ला कुठल्याही व्हिडिओत सापडणार नाही. तो माझा स्वतःचा आहे आणि जिवावर उदार होऊन मिळवलेला आहे.

बारामतीला स्टँडजवळच्या एका क्लासमध्ये मी गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकले. गेममधली माणसं आणि त्यांच्या मारामाऱ्या दुसरं कुणी तरी करतं. ती माणसं ज्या जागेत पळतात ती जागा, म्हणजे डोंगर, घरं, झाडं, ऊन-सावली, एवढं उभं करायचं काम माझं. नातेवाइकांना हे समजावून सांगितलं की ते "म्हणजे बिल्डर का?" असं विचारायचे. मी हो म्हणायला लागले होते. कोर्स संपला आणि पुण्याच्या एका कंपनीने चाचणी दिली: आठवडाभरात तुमच्या ओळखीची एक लहानशी जागा बनवून पाठवा, खेळणाऱ्याला तिच्यात चालत फिरता आलं पाहिजे. आवडली तर नोकरी, तीही घरी बसून. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला स्वतःची अट जोडली. नोकरी लागली तर उत्तम, नाही तर निमूट बी.एड.ला नाव घालायचं. मला बी.एड. करायचं नव्हतं. शाळेत शिकवणं वाईट आहे म्हणून नव्हे, तर मी चार पोरांवर ओरडायला लागले की थांबत नाही म्हणून.

ओळखीची जागा म्हणजे आमची वस्तीच. अंथुर्ण्याच्या रस्त्याला, उसात. दोन घरं, एक विहीर, दोन रानं. एक घर आमचं, दुसरं तात्यांचं. तात्या हे आप्पांचे थोरले सख्खे भाऊ. दोन्ही रानांच्या मधे एक बांध, आणि त्या बांधापायी दोघांचं बोलणं बंद. मला कळायला लागल्यापासून मी त्यांचं एकमेकांशी बोललेलं एकही वाक्य ऐकलं नव्हतं. अगदीच नड असली तर "सांग तुझ्या तात्याला" आणि "सांग तुझ्या बापाला". मधली तार मी. तात्यांनी तर आमचा उंबरा ओलांडणार नाही अशी शपथच घेतली होती आणि पाळली होती.

पहिल्या दिवशी मी जमीन घेतली. सॉफ्टवेअर कोरी जमीन देतं आणि एक ब्रश देतं. ब्रश फिरवला की जमीन वर उचलली जाते. शिकवणारे सांगतात की खरी जमीन कुठंच सपाट नसते, जरा उंचवटे ठेवा. मी मन लावून उंचवटे ठेवले. आप्पा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"हितं पाटाचं पाणी चढल का?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, गेममध्ये पाणी द्यायचं नाहीये."

"बिनपाण्याचा ऊस कुठला ग? आधी लेव्हल कर. खालच्या अंगाला जरा उतार दे."

मी दुर्लक्ष केलं. पण माणूस पाठीमागे उभा राहून सारखं "त्यो खड्डा भर, ते टेकाड फोड" असं म्हणत राहिला की हात आपोआप तिकडे वळतो. संध्याकाळपर्यंत माझी जमीन कॅरमबोर्डासारखी झाली. आप्पा एवढे खूश की त्यांनी आईला बोलावून दाखवली. मी ती सगळी पुसली आणि खोलीला आतून कडी लावली.

दुसरा सल्ला असा की लगेच सजावट करू नये, आधी नुसती राखाडी खोकी ठेवून घरं कुठं, झाडं कुठं ते पाहावं. मी खोकी ठेवली. आई जेवायला बोलवायला आली आणि कडी वाजवून वाजवून शेवटी तिने खिडकीतून डोकावून पाहिलं. "आपल्या घराला निदान गिलावा तरी कर," ती म्हणाली. "आणि तात्यांच्या घराला नंतर कर."

ऊस लावताना मी नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक केली. प्रत्येक उसाला खरं पान दिलं. लॅपटॉपचा पंखा गुऱ्हाळातल्या चरकासारखा ओरडायला लागला आणि पडदा गोठला. मग जवळचा ऊस खरा, लांबचा म्हणजे नुसती उभी केलेली चित्रं, अशी वाटणी केली. तोवर कडी काढावीच लागली होती, कारण आप्पांचा चार्जर माझ्या खोलीत होता.

"म्हंजी लांबचा ऊस खोटा?" आप्पांनी विचारलं.

"खोटा."

"आन कारखान्याची तोड आली म्हंजी काय दावायचं?"

मी उजेडाकडे वळले. तिथंही नवशिक्याचीच चूक झाली. नवखा माणूस हटकून मावळतीचं सोनेरी ऊन लावतो, कारण त्यात सगळंच बरं दिसतं. मीही लावलं. आई म्हणाली, "सगळ्या वस्तीला कावीळ झाली का काय?" मी निमूटपणे सकाळचे दहा वाजवले.

आता मूळ भानगड. शिकवणारे म्हणतात की जागेत आधी एक माणूस उभा करा, म्हणजे मापं चुकत नाहीत. मी माणूस उभा केला तर तो आमच्या उंबऱ्याएवढाच भरला, आणि गोठा साखर कारखान्याएवढा दिसायला लागला. अंदाजाने काम चालणार नाही हे कळलं. मी आप्पांचा टेप घेतला आणि खरी मापं घ्यायला बाहेर पडले. दार मोजलं, गोठा मोजला, विहिरीचा कठडा मोजला. मग रान मोजायला बांधावर गेले, टेपाचं एक टोक दगडाखाली अडकवलं आणि दुसरं टोक धरून चालायला लागले.

आमच्याकडे बांधावर टेप घेऊन उभं राहिलेलं माणूस याचा अर्थ एकच असतो: मोजणी आली. सरकारी मोजणी आली की हद्दीच्या खुणा रोवल्या जातात, आणि ज्याच्याकडे बांध सरकलेला निघतो त्याची गावात शोभा होते. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरीही मी टेप घेऊन गेले, कारण माझ्या डोक्यात उंबऱ्याएवढा माणूस होता.

तात्या उसातून भर्रकन बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं, टेपाला पाहिलं, आणि तसेच आपल्या घराकडे वळले. मी घरी पोहोचेपर्यंत ते आमच्या अंगणात उभे होते. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. भांडायला येतानाही तात्या सदरा बदलून येतात.

"सांग तुझ्या बापाला," ते मला म्हणाले, "मोजणी आणायची तर आधी नोटीस दे म्हणावं. पोरीला बांधावर धाडून चोरून मोजतोय व्हय?"

आप्पा घरातूनच ओरडले, "सांग तुझ्या तात्याला, मी मोजणी आणली तर हलगी लावून आणीन."

"सांग त्याला, आण!"

"तात्या, मी गेमसाठी मोजत होते," मी म्हणाले.

तात्यांचा विश्वास बसेना. कुणाचाही बसला नसता. शेवटी मी वैतागून म्हटलं, या, बघा. ते उंबऱ्यापाशी येऊन थांबले. शपथ आडवी आली. मग मी टेबल ओढून खिडकीला लावलं, लॅपटॉप आतून-बाहेरून दोन्हीकडून दिसेल असा आडवा फिरवला, आणि तात्या ओट्यावर उभे राहून गजांतून बघायला लागले. आप्पा आत माझ्या खुर्चीमागे. भिंत मधे असल्यामुळे दोघांचीही अडचण झाली नाही.

तात्यांनी आधी स्वतःचं घर शोधलं. मग विहीर ओळखली. मग रान. आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला.

"बांध कुठंय?"

मी पाहिलं. बांध खरंच नव्हता. मी ब्रशने काढला होता, पण हे सॉफ्टवेअर जमीन चौकटी-चौकटींनी लक्षात ठेवतं. माझ्या चौकटी मोठ्या होत्या आणि आमचा बांध हातभर रुंदीचा. दोन चौकटींच्या मधे पडून तो गडप झाला होता.

"बघा," तात्या गजांना धरून म्हणाले, "रानातला खाल्ला तो खाल्ला, मशिनीतला बी खाल्ला!"

"आँ? बांध न्हाय?" आप्पा मला बाजूला सारून पडद्याला नाक लावून बघायला लागले. "आरं, माझा बांध कुठं गेला?"

इतक्या वर्षांत या दोन भावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते माझ्याविरुद्ध होतं.

मी बांध वेगळी वस्तू म्हणून बनवला आणि जमिनीवर आणून ठेवला. मग तो सरकवण्याचं काम सुरू झालं. "सांग त्याला, आजून हिकडं." "सांग त्याला, लय झालं, मागं घे." तात्या रोज डेअरीला दूध घालून आले की ओट्यावर हजर. रात्रीतून कुणी बांध सरकवला नाही ना, हे आधी तपासायचे आणि मगच सदऱ्याची बटणं सैल करायचे. माझा आठवडा भराभर संपत होता. विहिरीला अजून पाणी नव्हतं, झाडांना सावल्या नव्हत्या, आणि मी दिवसाचा निम्मा वेळ एक ढेकळांची पट्टी डावीकडे-उजवीकडे ढकलत होते. बी.एड.चा वर्ग मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. एकदा तर मी सरळ रडले. तेव्हा दोघांनीही भिंतीच्या दोन बाजूंनी "सांग त्याला, पोरीला रडवलं" असं म्हटलं.

शेवटी एक युक्ती चालली. सॉफ्टवेअरनेच आखलेल्या चौकटींच्या रेघांना वस्तू आपोआप चिकटवायची सोय असते. मी ती चालू केली आणि बांधावरचा हात काढून घेतला. बांध टुणकन उडी मारून दोन रानांच्या बरोबर मधोमध जाऊन बसला. कुणाचं काही चुकलंय असं कुणालाच म्हणता येईना.

"मशिनीला भावकी न्हाय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आता."

राहिला. मग मात्र मी झपाटल्यासारखी कामाला लागले. बांधावर लिंबाचं झाड लावलं, विहिरीत पाणी सोडलं, गोठ्यापुढे वैरण टाकली. माणूस राहतो तिथं त्याच्या खुणा दिसाव्यात असं शिकवतात. त्या मला शोधाव्या लागल्या नाहीत, दोन बाजूंनी दोन भाऊ ओरडून सांगत होते. मुदतीच्या दिवशी मी वस्ती पुण्याला पाठवली.

उत्तर दोन दिवसांनी सकाळी आलं. जागा जिवंत वाटते, इथं कोणी तरी राहतं असं वाटतं, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे एकच सूचना होती. मधल्या मातीच्या उंच पट्टीचा काही उपयोग दिसत नाही. खेळणारा तिथं अडखळतो आणि पलीकडे जात नाही. तेवढी पट्टी काढून आज संध्याकाळपर्यंत पाठवा आणि पुढच्या महिन्यापासून रुजू व्हा.

ज्या माणसाने आयुष्यात आमचा इंदापूर तालुका पाहिला नसेल त्याने हे लिहिलं होतं. मला हसू आलं. एका बटणाचं काम होतं. पण तात्या ओट्यावर येऊन उभे होते, आणि आप्पांना कंपनीचं उत्तर आल्याचं लॅपटॉपच्या आवाजावरूनच कळलं होतं. मी सगळं वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचताना माझा आवाज इतका बारीक झाला की आप्पांनी ती परत वाचायला लावली.

"मग बी.एड. कर," आप्पा म्हणाले. "बांध काढायचा न्हाय. आज मशिनीतला काढला, उद्या लोक म्हणतील सोडून दिला."

खिडकीबाहेर तात्यांनी घसा खाकरला.

"सांग तुझ्या बापाला," ते म्हणाले, "बांधापायी पोरीच्या पोटावर पाय दिऊ नको म्हणावं. काढ ग तू. माझ्या बाजूनं काढ, मंजी त्याच्यावर बोल यायचा न्हाय."

आप्पांनी नुसती होकारार्थी मान हलवली. मी पडद्यावर बांध निवडून बटण दाबलं. बांध गेला, त्याच्या जागी नुसतं गवत राहिलं.

"बघू दे तरी कसं दिसतंय," तात्या म्हणाले आणि त्यांनी गजांतून हात आत घातला. मी माऊस त्यांच्या हातात दिला आणि पडद्यावरचा माणूस त्यांच्या घरासमोर उभा करून दिला. बटण दाबून धरलं की माणूस चालतो, एवढं सांगितलं. तात्यांनी दाबून धरलं. माणूस त्यांच्या रानातून निघाला, सरळ आमच्या रानात आला, कुठंही न अडखळता, अंगण ओलांडून आमच्या दाराशी पोहोचला आणि तिथं दारावर धडका देत राहिला.

"दार उघडत न्हाय," तात्या म्हणाले.

"तात्या, ते दार नुसतं रंगवलेलं आहे. मागे काही नाही."

तरी ते बटण सोडेनात. पडद्यावरचा माणूस आमच्या दाराला डोकं लावून जागच्या जागी चालत राहिला. माझ्यामागे आप्पांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते खिडकीपाशी आले आणि माझ्याकडे न बघता, माझ्या डोक्यावरून बाहेर बोलले.

"दादा, ते चित्र हाय. दार हिकडं हाय. ये."

तात्यांनी माऊस हळूच टेबलावर ठेवला. मग ओट्यावर चपला काढल्याचा आवाज आला. फाईल अजून पाठवायची होती, आणि डोळ्यांतल्या पाण्यातून मला पाठवायचं बटण दिसत नव्हतं.