मेण कच्चं राहू नये म्हणून

मेण कच्चं राहू नये म्हणून मी ते धुरावेपर्यंत तापवलं होतं. घ्या, हसून घ्या आधी. तुमचं हसून झालं की पुढचं सांगते.

आता हा प्रकार माझ्या डोक्यात आला कुठून, ते कळायला तुम्हाला गोंदियाच्या स्टेशनावर यावं लागेल. छोट्या लाईनची गाडी उभी आहे, लाकडी बाकावर नवी नवरी बसली आहे आणि खिडकीच्या गजांना धरून तिची माय उभी आहे. पोरगी जबलपूरला चालली. इतर आया अशा वेळी रडतात. आमची मायही रडत होती, पण रडता रडता स्वयंपाक शिकवत होती. "जवसाचं तेल धुरावल्याबिगर मोहरी टाकू नको हं. कच्च्या तेलाचा वास सासरच्यांच्या नाकात गेला का झालं, म्हणतील मायनं काही शिकवलंच नाही." गाडी हलली, माय चार पावलं सोबत चालली आणि ओरडली, "धूर दिसू दे आधी!" डब्यातल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पदरात तोंड लपवलं. पण वाक्य डोक्यात पक्कं बसलं.

माझ्या सासऱ्यांची गोष्ट वेगळीच. ते नोकरीला जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. मग राज्यांची नव्यानं मांडणी झाली, गाव गेलं तिकडे, हे राहिले इकडे. ते म्हणायचे, "लोकं गाव सोडतात, आम्हाले गावानंच सोडलं." मी आले तेव्हा ते नव्हते. घरात तिघंच, आमचे हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या गल्लीत दोन खोल्या. आतमध्ये मराठी आणि उंबरा ओलांडला की हिंदी. मला हिंदी यायचं नाही आणि आत्याबाईंना बोलायला आवडायचं नाही, म्हणजे दोन्हीकडे शांतता. गोंदियाकडे जाणारा कोणीही भेटला की मी एकच निरोप द्यायची, "बाबांना म्हणा, न्यायला या." त्यातले निम्मे निरोप पोचलेही नसतील.

आमच्या शेजारी ग्रेस दीदी राहायची. ख्रिश्चन बाई, मिशनच्या शाळेत शिकलेली, हातात कला. डिसेंबरात तिच्या खिडकीत एक दिवा लागला. गोल, जाडसर, दुधी रंगाचा, आणि त्याच्या भिंतीत वाळलेली जाळीदार पानं. आत वात जळायची आणि अख्खा दिवा आतून उजळायचा. नुकतंच आम्ही नर्मदेकाठच्या भेडाघाटला जाऊन आलो होतो. तिथल्या दुकानात संगमरवराची पातळ वाटी उजेडासमोर धरली की अशीच उजळते. मला वाटलं, तोच दगड. पण दगडात पान कसं शिरलं? दोन दिवस मी भांडी घासता घासता तेच कोडं सोडवत होते. शेवटी गेले आणि बोटानं दाबून पाहिलं. नख आत रुतलं!

"अरे अरे, नाखून मत गड़ाओ! मोम है, मोम!" ग्रेस दीदी धावत आली.

मेण? मग आत मेणबत्ती जळते आहे तर बाहेरचं मेण वितळत काहून नाही? माझ्या तोंडून ते मराठीतच निघालं. ग्रेस दीदीला शब्द कळले नाहीत, पण चेहऱ्यावरचा प्रश्न कळला. जबलपुरात मला कोणी पहिल्यांदा नीट समजून घेतलं ते हे असं. तिनं हातवारे करून सांगितलं. बाहेरचं नुसतं कवच असतं. ते स्वतः कधी जळत नाही. आत काचेच्या पेल्यात छोटी बत्ती ठेवायची, चारही बाजूंनी जागा सोडून. मेण पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवायचं, डब्यात ओतायचं, कडेनं बोटभर जाड थर धरला की वरची साय कापून मधलं पातळ मेण परत ओतून काढायचं. उरते ती पोकळ भिंत. मी मान डोलावत होते. समजलं सगळं. फक्त ते पाण्याच्या भांड्याचं मला पटलं नाही. पाण्यावर ठेवून काय तापते? दुबळ्या माणसांची कामं! माझ्या मायनं मला धूर पाहायला शिकवलं होतं.

तर एका दुपारी आत्याबाई आतल्या खोलीत झोपलेल्या, हे दौऱ्यावर, बाहेरगावी कुंडमला. मी स्टोव्हला पंप मारला आणि घरातल्या मेणबत्त्या मोडून भरलेली कढई थेट वर चढवली. मेण वितळलं, पाण्यासारखं झालं. शहाण्या माणसानं तिथेच उतरवलं असतं. मी वाट पाहत बसले. कच्चं नको राहायला! मग एकदाचा पांढरा धूर निघाला आणि मला कोण आनंद झाला. म्हटलं, आलं. आणि खरंच आलं. भप्पकन कढईनं पेट घेतला. अशा वेळी बाईचा हात कुठे जातो? पाण्याच्या गडव्याकडे. मी पाणी फेकलं आणि ज्वाळ छताला जाऊन भिडली.

आत्याबाई कधी उठल्या, कधी आल्या, मला आठवत नाही. एका हातानं त्यांनी मला मागे ओढलं, दुसऱ्या हातानं कणकेची परात त्या कढईवर पालथी घातली, मग वाकून स्टोव्हची हवा सोडली. आग गप्प. माझ्या दोन्ही भुवया गेल्या, कपाळावरचे केस गेले, बोटाला फोड आला. आरशात पाहिलं तर उकडलेलं अंडं.

आत्याबाईंनी विचारलं, काय करत होतीस? मी गप्प. मेण शिजवत होते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि माझं ते गप्प बसणं किती महाग आहे, हे मला कळायला आठवडा लागला.

स्टोव्ह. सून. भाजलेला चेहरा. सासू घरात. ह्या चार गोष्टी एकत्र आल्या की लोक पाचवी स्वतःच जोडतात. नळावर आत्याबाई गेल्या की बायकांचं बोलणं थांबायचं. त्या बादली भरून खाली मान घालून परत यायच्या. मला दिसत होतं. तरी मी बोलले नाही, ह्यांच्याजवळही नाही, कारण सगळे हसतील ना! काय अक्कल होती माझी, भुवयांसोबत तीही जळली असावी. त्यातच आपल्याकडचं कोणीतरी गोंदियाला गेलं. जबलपूरहून निघताना बातमी होती भुवयांची. पोचेपर्यंत पोरगी अर्धी जळाली होती.

बाबा आले ते थेट स्टेशनावरून. हे तेव्हा पुन्हा दौऱ्यावर. खाटेवर बसले, टोपी काढली नाही, आत्याबाईंनी ठेवलेल्या पाण्याला हात लावला नाही. माझ्या भुवयांच्या जागी पाहिलं.

"चाल, पेटी भर," ते म्हणाले. "तुले इथं ठेवत नाही मी."

ज्या वाक्यासाठी मी इतके निरोप धाडले होते, ते हे वाक्य. आत्याबाई दारात उभ्या होत्या. "घेऊन जा म्हणत असेल तर जाऊ द्या," इतकंच बोलल्या. बाबांनी न शिवलेलं पाणी त्यांनी उचलून घेतलं. मी ह्या दारातून पेटी घेऊन बाहेर पडले, तर नळावरच्या बायकांचं म्हणणं कायमचं खरं होणार होतं. ह्या बाईला मग उरलेलं सगळं आयुष्य त्या नळावर पाणी भरायचं होतं.

"बाबा, आगीचं कारण दाखवते. थांबा, मेण वितळवते," मी म्हटलं.

बाबांना वाटलं, पोरगी डोक्यातूनही गेली.

मी ग्रेस दीदीला बोलावून आणलं. ती आपला डबा, मेण, पानं घेऊन आली. ह्या वेळी मुकाट्यानं पाण्याच्या भांड्यात भांडं, मंद आच, पदर कमरेला खोचलेला, आणि आत्याबाई परात मांडीवर घेऊन शेजारी, पहारेकऱ्यासारख्या. पानं डब्याच्या भिंतीला चिकटवायची होती. ग्रेस दीदी म्हणाली, "पत्ती बाहर की तरफ रहे. बत्ती को पत्ती दिखी, तो गई." मेण ओतलं. आणि मग वाट पाहणं. मेण निवायला घाई चालत नाही. बाबांची गाडी सुटून गेली. करणार काय, बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "इकडे भात कोणता मिळते?" आत्याबाई म्हणाल्या, "मिळते, पण आपल्याकडचा वास नाही त्याले." मग दोघांनी मिळून जबलपूरच्या तांदळाला यथेच्छ नावं ठेवली.

मधलं मेण ओतून काढलं तेव्हा मी बोलले. "बाबा, त्या दिवशी मी पाण्यावर नाही ठेवलं. थेट कढईत टाकलं. धूर निघेपर्यंत तापवलं."

"मेण? धूर काहून पाहिजे मेणाले?"

"कच्चं राहीन म्हणून."

बाबांनी टोपी काढली. माझ्याकडे पाहिलं, छताच्या काळ्या डागाकडे पाहिलं आणि असे हसले, असे हसले की खाट वाजायला लागली. "हे तुह्या मायचंच पोट्टं! विहीणबाई, हे खोटं नाही बोलत. अशी अक्कल आमच्याच घरात सापडते. दुसरीकडे नाही!" दुसऱ्या कोणालाही मी हे सांगितलं असतं तर बनाव वाटला असता. बाबांना पटायला पुरावा लागला नाही, ते वीस वर्षं त्या धुरात जेवले होते.

सांजेला कवच डब्यातून सुटलं. आत पेल्यातली बत्ती लावली. नळावरच्या दोघीतिघी दारात डोकावत होत्या, ग्रेस दीदीनं त्यांना आत ओढलं आणि हिंदीत अख्खी कहाणी सांगितली, माझी नक्कल करून. बाबांनी कवचाला बाहेरून तळवा लावला. "थंड आहे! मग हे वितळून काहून नाही राहिलं?" मला समजलं, हा प्रश्न विचारायची खोड माझ्यात कुठून आली. मग ते म्हणाले, "विहीणबाई, चहा टाका." दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच परत गेले.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी नात. बंगळुरूला नोकरी करते, मराठी समजते, बोलताना हिंदीत घसरते. परवा फोनवर म्हणाली, "आजी, मोबाईल पे देखा, हरिकेन कैंडल का शेल घर पे बनता है. करूँ क्या? सेफ आहे?" म्हणजे तेच आपलं मेणाचं कवच! मी म्हटलं, कर बाई, अवश्य कर. पण पाण्याच्या भांड्यातच वितळव आणि पाणी आटू देऊ नको. मेणाचं तापमान मापायचा थर्मामीटर मिळतो, तो घे. कवचाला कडक जातीचं मेण. स्टोव्ह सोडून उठू नको, दाराची घंटा वाजली तर वाजू दे. धूर दिसला म्हणजे चुकलं, तेव्हाच आच बंद. पेटलंच तर झाकण, पाणी कधीच नाही. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नको, पाइप तुंबेल. आणि दिवा लावून झोपू नको. ती म्हणाली, "तुला इतकं कसं माहीत?" म्हटलं, माझ्या भुवयांना विचार.

मग तिनं सहज विचारलं, "आजी, तू घर किसको बोलती है, गोंदिया को कि जबलपुर को?" तुम्ही जे तिकडे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे उठून दुसरीकडे गेलात, तुम्हालाही पोरं हे विचारत असतील. गोंदियाची छोटी लाईन आता राहिली नाही, माय-बाबा नाहीत, आणि तिथे गेले की लोक माझ्या मराठीतली हिंदी मोजतात. इथे माझ्या हिंदीतली मराठी मोजतात. मला घर म्हटलं की गाव आठवत नाही. बाबांना स्टेशनावर सोडून आम्ही दोघी परत आलो, ती सकाळ आठवते. मी ओल्या फडक्यानं स्टोव्हमागची काळी भिंत पुसायला घेतली. आत्याबाई मागून आल्या, माझ्या हातातलं फडकं घेतलं, स्वतः पुसायला लागल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या:

"अवं, पेटवाचंच होतं त मले उठवाचं होतं. दोघी मिळून पेटवलं असतं."