गटचर्चा मोडली, तेव्हा
वनहक्काचा कायदा नुकताच आला होता. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसता हे दाखवा, हक्क तुमचा. नाही दाखवलं, तर फॉरेस्टवाले हुसकवायला मोकळे. म्हणून मी मुरबाडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर माहिती गोळा करायला गेले.

संघटनेच्या शिबिरात शिकवलं होतं, प्रश्नावली सगळ्यात भरवशाची. निघालीच तशी. ‘जंगलात जमीन कसता का?’ घरोघर एकच उत्तर: “नाय.” एवढी एकजूट मी पत्रकातसुद्धा लिहायला धजले नसते.

मग मुलाखत. त्यात माणूस मोकळा होतो म्हणे. एक म्हातारी झाली मोकळी: गुडघा, सून, सुनेचं माहेर. जमिनीचं काढलं की, “आमी कुठं जातो गो जंगलात?”

तिच्या अंगणात डोंगरउतारावर पिकणाऱ्या नागलीची कणसं वाळत होती.

“ही कुठून आली, आजी?”

“उगवली.”

माझं डोकं फिरलं. पण राग तिच्यावर काढणार कसा? फॉरेस्टच्या गार्डाला हेच सांगत तिनं जंगलातला तुकडा टिकवला होता. आणि मला नागली दिसली, या निरीक्षणाला कचेरीत कोण विचारतो?

उरली गटचर्चा. मी जमिनीच्या हक्कावर तावातावानं भाषण ठोकलं. समोरचे जांभया देत होते. शेवटी वैतागून म्हटलं, “बरं. लिहून टाकते, जंगलातला उतार कोणाचाच नाही.”

“कोणाचाच नाय कसा?” म्हातारीचा शेजारी उसळला. “खालचा माझा, वरचा हिचा. आन हिनं बांध सरकवलाय माझ्यात!”

म्हातारी गुडघा विसरून उभी राहिली. “मी सरकवला? तुझा बाप नांगर धरीत होता तवापासून तिथंच हाय रे तो! तुझे बैल माझी नागली खातात, ते नाय सांगत!”

पाड्याचे दोन तट पडले. कुणाच्या सासऱ्यानं दगड वेचले, कोपऱ्यातला आंबा कुणी लावला, सगळं बाहेर आलं. मी खाली मान घालून लिहीत सुटले. जुन्याजाणत्यांची साक्ष कायद्याला चालते.

सगळे भांडून दमले तसं मी शेजाऱ्याला विचारलं, “म्हणजे आजी वरचा तुकडा कसतात, आणि साक्षीदार तुम्ही?”

म्हातारीनं पदर दातात धरला. शेजाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“लिव,” तो म्हणाला. “पण बांध जुन्या जागी लिव.”

म्हातारीनं त्याच्या दाव्याच्या कागदावर साक्षीचा अंगठा उठवला, त्यानं तिच्या. तोंडं दोन दिशांना.

“आता तरी बैल बांध,” म्हातारी म्हणाली.