मूर्ती न मानणारे आजोबा

ग्लासगोच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा येऊन बसले. कडक इस्त्रीचा कोट, टाय, आणि पाठ सीटला टेकेल तर शपथ. मी शाडूचा गणपती मांडीवर घेऊन घरी निघाले होते. आणताना झाकतात तसा त्याच्या तोंडावर रुमाल होता.

त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

"मी प्रॉटेस्टंट," ते म्हणाले. "आम्ही मूर्ती मानत नाही. आमच्या पूर्वजांनी कॅथलिकांना ठणकावलं होतं, कोरलेल्या लाकडापुढे गुडघे कसले टेकता? पैसे घेऊन पापं कसली माफ करता? मग हातोडे घेऊन चर्चमधल्या मूर्ती फोडल्या." जणू कालच स्वतः जाऊन आले होते! मला जरा रागच आला.

"याचं पुढे काय करता?"

"दीड दिवस पूजा करतो. मग घरीच बादलीत विरघळवतो."

"स्वतःच?"

"हो. रडूही येतं."

"मूर्ती फोडताना आमच्यातलं कुणी रडल्याचं कधी ऐकलं नाही," आजोबा हळूच म्हणाले.

तेवढ्यात बसने करकचून ब्रेक मारला. माझ्या आधी त्यांचेच दोन्ही हात मूर्तीला जाऊन भिडले. धक्क्याने तोंडावरचा रुमाल सरकला होता. त्यांनी तो दोन बोटांनी अलगद सारखा केला.

"सॉरी, सर," ते पुटपुटले.

त्यांच्या शेजारी मी आणि गणपती, दोघंच होतो. आणि मला कुणी सर म्हणत नाही.