गयामायच्या कानामागचं यंत्र

पलटणीत मी रेडिओ ऑपरेटर होतो. सतरा वर्षांच्या नोकरीतली दोन वर्षं काश्मीरमध्ये, नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर काढली. उंची साडेअकरा हजार फूट. माणसं बावीस. रोज पहाटे साडेपाचला सेट चेक: आधी बॅटरी, मग कनेक्शन, मग अँटेना. जादा बॅटऱ्या चार्ज करून, पुसून, हाताशी मांडलेल्या. आमचे सुभेदारसाहेब म्हणायचे, "सेट में खराबी ना मिले, तो ऑपरेटर का भेजा चेक करो." तिथली थंडी, तिथली डाळ आणि साहेबांचा हा विनोद, तिन्हींत दोन वर्षांत काही फरक पडला नाही.

नाईक मिलिंदची खाट माझ्या शेजारी होती. तो जवळा बाजारचा, मी शिरड शहापूरचा. त्या पोस्टवर हिंगोली जिल्ह्यातले आम्ही दोघंच. त्यामुळे भांडायचं तरी एकमेकांशीच, आणि तेही आपल्या बोलीत. माझा कंगवा तो न विचारता वापरायचा आणि वर दात तुटल्याचा आळ माझ्यावरच घ्यायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ७:५० ला मिलिंद चार जवान घेऊन गस्तीवर निघाला. ८:३५ ला वरचा बर्फ घसरला. चौघं निसटले. मिलिंद गाडला गेला. सेट त्याच्या छातीवर होता आणि एक हात हलत होता. ९:५० ला त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो गेलेला होता. मधला सव्वा तास त्याच्याशी सेटवर मी बोलत होतो. एवढं कागदोपत्री आहे. बाकीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या बायकोलासुद्धा.

हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आलो आणि मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. दर फेब्रुवारीला मिलिंदच्या दिवशी जवळा बाजारला त्याच्या आईकडे जातो. गयाबाई तिचं नाव, आम्ही सगळे गयामाय म्हणतो. मुलगा गेल्यावर दोन-तीन वर्षांत तिचे कान पार गेले. फोटोला फूल वाहून झालं की दर वर्षी विचारायची, "आखरीला काय बोलला रे माझं लेकरू?"

मी ओरडून सांगायचो, "चांगलं बोलला, माय!" समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायची. गयामाय पण बघत राहायची, पुढचं ऐकायला. पुढचं मी बोलायचो नाही. अशी गोष्ट ओरडून कशी सांगणार? खरं सांगायचं तर हे कारण मला फार सोयीचं होतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर हिंगोलीच्या शिबिरात तिला कानामागे लावायचं यंत्र मिळालं. त्याचा चार्ज मी घेतला. रात्री काढून बॅटरीचं दार उघडं ठेवायचं आणि यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. कानात बसतो तो मोल्ड आठवड्यातून एकदा नळीसकट वेगळा करून कोमट पाण्यात धुवायचा, यंत्राला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. भोकात मळ अडकला तर ब्रशनं काढायचा, टाचणीनं कोरायचं नाही. शिट्टी वाजायला लागली तर यंत्र बिघडलं नाही, मोल्ड नीट बसलेला नाही. हे सगळं मी तिला तीनदा शिकवलं. ती मात्र पाहुणे आले तरच यंत्र लावायची. "रोज लावून काहून झिजवू?" म्हणायची. मी चिडायचो. नवी रायफल पेटीत ठेवून कोणी पहारा करतं का?

या फेब्रुवारीत मिलिंदच्या दिवसाच्या दहा दिवस आधी तिच्याकडे गेलो, तर ती अगदी हळू बोलली. "रशीद, औंदा मला समदं सांग. आता ओरडायचं काम न्हाई." मी मान हलवली.

निघताना सहा बॅटऱ्यांचं नवं कोरं कार्ड तिच्या हातात ठेवलं. प्रत्येक बॅटरीवर निळं स्टिकर असतं. थरथरत्या बोटांनी तिला ते निघत नाही, म्हणून मीच सहाही स्टिकरं सोलून ठेवली. रायफलचं मॅगझिन भरून ठेवतात तशी तयारी. स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

मिलिंदच्या दिवशी साडेदहाला तिच्या घरी पोचलो. फोटो पुसलेला, समोर मेणबत्ती. गयामायनं यंत्र माझ्यापुढे धरलं. "हे बोलंना."

मी चेक सुरू केला. मोल्ड साफ होता. नळीत घामाचा थेंब होता, यंत्रापासून नळी सोडवून तो फुंकून काढला. आवाजाचं चाक वर केलं. यंत्र मुठीत धरलं. चालू असेल तर मुठीत शिट्टी वाजते. वाजली नाही. बॅटरी बदलली, नाही. दुसरी, तिसरी, सहावी. नाही.

सहाव्या बॅटरीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बॅटऱ्या हवेवर चालतात. स्टिकर काढलं की हवा आत जाते आणि बॅटरी झिजायला लागते, यंत्रात असो नाहीतर डबीत. सहाही मी एकाच दिवशी मारल्या होत्या. साहेब असते तर त्यांनी आधी माझं डोकंच तपासलं असतं.

पण त्या क्षणी मला काय वाटलं? बरं वाटलं. यंत्र बंद, म्हणजे आज सांगणं नाही. आणखी एक वर्ष सुटलो. मी हातानंच तिला "बंद पडलं" अशी खूण केली.

गयामायनं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपला आवाज किती चढलाय हे तिला कळत नव्हतं. ती बाहेर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुला सांगायचं नसंल."

मला लाज वाटली. उठलो, मोटारसायकल काढली. जवळ्याच्या दोन्ही मेडिकलमध्ये तो नंबर नव्हता. औंढ्याला गेलो, तिथे तिसऱ्या दुकानात एक कार्ड मिळालं. ते खिशात घालून परत आलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती जागची हलली नव्हती, जेवलीही नव्हती.

एका बॅटरीचं स्टिकर काढलं. एक मिनिट ती तशीच हवेवर ठेवली, मग यंत्रात घालून दार बंद केलं. मुठीत शिट्टी वाजली. तिच्या कानात मोल्ड बसवला.

"माय, ऐकू येतं का?"

"येतं. हळू बोल."

मी सांगितलं. बर्फाखालून तो आधी म्हणाला, "बाकीचे कुठं हायत?" चौघं वर आलेत म्हटल्यावर म्हणाला, "बरं झालं." मग त्याला श्वास पुरेना. तेव्हा दोनच शब्द, "बोलत ऱ्हा." त्यानंतर तो बोलला नाही. फक्त सेटचं बटण दाबायचा आणि माझ्या कानात टक् वाजायचं. म्हणजे ऐकतोय. सुभेदारसाहेब माझ्या पाठीशी उभे होते. म्हणाले, "रशीद, बोलता रह. रुकना मत."

"आन माय, पाच मिनिटांत मदतीची पोरं पोचून राहिली, असं मी त्याला चार डाव सांगितलं. चारी डाव खोटं. पोरं लई खाली व्हती."

इतकी वर्षं अडकलं होतं ते हेच.

गयामायनं फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "लहानपनी ताप आला की मीबी त्याला म्हनायची, आत्ता उतरतो बाळा, आत्ता उतरतो. रातभर उतरायचा न्हाई." तिनं पदरानं डोळे पुसले. "दुसरं काय बोललास? समदं सांग."

मग तेही सांगितलं. बाजारच्या दिवशी तिचं मिरचीवालीशी झालेलं भांडण मिलिंदनंच मला सांगितलं होतं, ते मी त्यालाच परत ऐकवलं होतं. सुट्टीवर येताना तो एसटीत झोपला आणि गाव मागे टाकून थेट वसमतला उतरला होता, ते सांगितलं होतं. प्रत्येक गोष्टीला टक् वाजत होतं. भांडणाच्या गोष्टीला गयामाय रडता रडता हसली. मी माझ्या भावाच्या लग्नातल्या फजितीपर्यंत आलो आणि थांबलो.

"इथवर त्यानं ऐकलं, माय. नऊ बावीसला शेवटचं टक् वाजलं."

"मंग तू गप झालास?"

"न्हाई. त्याला भाईर काढेपर्यंत बोलतच व्हतो. अठ्ठावीस मिनिटं."

गयामायनं कानामागचं यंत्र बोटानं दाबून नीट बसवलं आणि माझ्याजवळ सरकली.

"मंग ते बी सांग. त्याचं ऐकायचं ऱ्हायलं. मी ऐकते."

मी भावाच्या लग्नापासून पुढे सुरू केलं. घाई केली नाही, काही गाळलं नाही. नाईक मिलिंद, वय अठ्ठावीस, याच्यासाठी बोललेलं सगळं त्याच्या आईनं त्या दुपारी ऐकून घेतलं.