दहाव्या दिवशी हसनाबाद: ऑपरेशनआधी आईला सांगायला

वजन कमी करायच्या ऑपरेशनला पाच दिवस उरले होते आणि आईला काहीच माहीत नव्हतं. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून रविवारी माहेरी, हसनाबादला जायचं ठरवलं. डॉक्टरांनी आधीचे पंधरा दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांगितले होते. माझा दहावा दिवस होता. चरबी साठून माझं लिव्हर मोठं झालं होतं. ते आटलं नाही तर आतलं नीट दिसत नाही, मग ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, असं त्यांनी बजावलं होतं.

अशा दिवसांत कुणाला प्रवास करायचा असेल तर पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवा. मी थर्मासमध्ये गाळलेलं डाळीचं पाणी, बाटलीत पातळ ताक आणि दोन वेळची प्रोटीन पावडर घेतली होती. दर दोन तासांनी काहीतरी पोटात जायलाच हवं.

नवीन जालन्यातून रिक्षाने बसस्टँड, तिथून राजूरमार्गे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, रविवारी जागाही मिळते. राजूरला भज्यांचा वास थेट खिडकीतून आत आला. शेजारच्या बाईंनी भज्यांचा कागद पुढे केला. उपास आहे म्हटलं, तर त्यांनी कोणता ते विचारलं. मी ताकाची बाटली काढून तोंडाला लावली.

दादा-वहिनी लग्नाला गेले होते. आई एकटीच होती आणि तिनं येसर आमटी, भाकरी, शेवयाची खीर करून ठेवली होती. मी पोचल्या पोचल्या तिनं जेवणाआधीची मधुमेहाची गोळी घेतली आणि दोन ताटं वाढली. तेव्हा मला सांगावंच लागलं.

पोट कापणार का, एवढंच तिनं विचारलं. छोट्या छिद्रांतून करतात, पण जठराचा मोठा भाग काढतात, असं मी सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं.

"तू न्हाई जेवणार, तर मी बी न्हाई."

गोळी पोटात गेली होती. न जेवता तिची साखर उतरली तर घरात तिसरं माणूस नव्हतं. मी विनवलं, रागावले, ती हलेना. तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला, तशी मी भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. ओठांपर्यंत नेला. वासाने डोळ्यांत पाणी आलं. मग तो ताटात ठेवला आणि दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमना फोन लावून आईच्या कानाला धरला.

एक घास चालंल का, असं आईनं विचारलं. मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आजी, एका घासाने लिव्हर सुजणार नाही. पण दहा दिवस तिनं एकटीनं सांभाळलंय. आता तिला तुम्ही सांभाळा. आणि गोळी घेतलीय ना, तर आधी तुम्ही जेवा."

आईनं फोन परत दिला. ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"तू इकडं पाहू नको. मी जेवते."

मी तिच्या पाठीकडे बघत डाळीचं पाणी प्याले.

परतायला चारची बस धरली; त्यानंतरची भरवशाची नसते. फाट्यावर आईनं माझा हात धरून विचारलं, "भ्या वाटून राह्यलं का, बाई?" भीती वाटते हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, पण तिला हो म्हणाले. मलाबी, ती म्हणाली.

ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं. लिव्हर बऱ्यापैकी आटलं होतं, काम अडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. याला आता पाच आठवडे झाले. घरी आल्यावर पहिले काही दिवस घोटभर पाण्याचीही धास्ती वाटायची, ती अजून पूर्ण गेलेली नाही. आईचा रोज सकाळी फोन येतो. इतकी वर्षं ती आधी जेवलीस का म्हणून विचारायची. आता विचारते, "प्यालीस का?"